एक ग्रॅम

इतवारीत, सराफ्याच्या मागच्या बोळीत माझं दुकान,
चार फूट बाय सहा. पाटी नाही.
निनावेचा काटा म्हटलं की कोणीही आणून सोडतं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी विशाखाबाई रंगारी आल्या.
विहारातली दानपेटी त्याच मोजतात.
रुमालाची गाठ सोडली:
"जपानी पाहुण्यांनी टाकली जी. बँकवाला म्हणते,
नोटा असन तर आणा, चिल्लर नाही चालत.
तुमीच घ्या बाप्पा, वजनावर."

पिवळी होती बरीच, मधोमध भोक,
भाताचं कणीस ओझ्यानं वाकलेलं.
आमच्याकडेही होता भोकाचा पैसा, लढाईच्या दिवसांतला;
बाप त्याचा वॉशर करून काट्यात बसवायचा.
एक ठेवलं पारड्यात.
तीन पूर्णांक पंचाहत्तर. दुसरं, तेच. तिसरं, तेच.

बाईंसोबत आलेला दुभाष्या पोरगा, हर्षदीप,
म्हणाला, काका, हे त्यांचं जुनं माप आहे, मोम्मे.
सरकारनं बंद केलं, नाण्याच्या पोटात राहिलं.
मी हसलो. आमचा तोळाही कायद्यानं मेलेला,
पण सराफ्यात जाऊन विचारा.

मग पोरगा बोलतच सुटला, मी हातातलं काम करत ऐकलं.
तेराशे वर्षांमागं त्यांच्या मुलखात तांबं सापडलं,
तर दरबारानं चालू काळाचं नावच बदलून तांब्यावरून ठेवलं.
नाणी पाडली. पुढं दरवेळी नवं नाणं हलकं,
आणि हुकूम असा, की हे एक म्हणजे जुनी दहा.
लोकांनी काय केलं?
तांदूळ मोजला, कापड मोजलं.
दरबाराची टांकसाळ थांबली ती सहाशे वर्षं,
तोवर चीनच्या नाण्यांवर भागवलं.
यात मला नवल नाही.
तळातून शिसं कोरलेली वजनं मी किती पाहिली,
वरून पॉलिश, सणासुदीला हळदकुंकू.

कागद मात्र पहिल्यांदा राजानं काढला नाही म्हणे.
एका तीर्थाच्या गावात चांदीचे सुटे मिळेनात,
तिथल्या व्यापाऱ्यांनी पावत्या लिहिल्या,
त्याच हातोहात फिरल्या.
म्हणजे हुंडी, मी म्हटलं.
हुंडीच, तो म्हणाला, आणि चहा घेतला.

लढाईत देवळांच्या घंटा वितळवल्या.
शेवटी मातीची नाणी भाजली,
ती वाटायच्या आधी लढाईच संपली.

लढाई म्हटल्यावर काकाजीची पेटी आठवली.
रंगूनला तेलाच्या गिरणीत फिटर होता.
जपानी आले, त्यांच्या पगारावर तीन वर्षं काढली.
पंचेचाळीस साली चाळीस नोटा घेऊन परतला,
शंभर-शंभरच्या, रुपयेच, पण जपान सरकारचे.
नंबर नाही, नुसती इंग्रजी अक्षरं.
चार हजार! महालात घर आलं असतं.
काकीनं संक्रांतीला त्यांच्या शेपट्या केल्या,
पोट्ट्यांचे पतंग त्या वर्षी सगळ्यात सरळ उडाले.
एक उरली.

रुमालात तळाशी पांढरी नाणी होती,
माशाच्या खवल्याइतकी हलकी, अॅल्युमिनियमची. एक येन.
सोन्याच्या काट्यावर ठेवलं, काचेचं दार लावलं, श्वास धरला.
एक ग्रॅम.
पुन्हा. एक ग्रॅम.
चाळीस वर्षं या धंद्यात आहे,
कोण्या सरकारचा असा शब्द मी पाहिला नव्हता.

बाईंना पितळेचा भाव दिला, पांढऱ्यांतलं एक मागून घेतलं.
परवा वजनमापाचे साहेब शिक्का मारायला आले.
हे काय, म्हणाले.
चलन नाही साहेब, वजन आहे.
त्यांनीही ठेवून पाहिलं, आणि वहीत काही लिहिलं नाही.

ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं.
एका पारड्यात काकाजीचे शंभर रुपये, घडी करून,
दुसऱ्यात ते एक येन.
येन खाली बसलं.
नोटेच्या कोपऱ्याला पतंगाची खळ अजून चिकटलेली आहे.
ती मी खरवडली नव्हती.